चहा, फणसपोळी आणि एक चुकलेलं अनुमान



‘पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको,’ असं संयोजकांनी मला बजावलंय. म्हणून चहावर बोलते.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही श्रीलंकेला गेलो होतो. नुवारा एलिया हे तिथलं सहा हजार फुटांवरचं थंड हवेचं गाव. चहूकडे चहाचे मळे. १८६७ साली जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ लूलकंदुरा इथे १९ एकरांत चहा लावला, आणि तिथून या धंद्याला सुरुवात झाली. पुढे तांबेरा रोगाने कॉफीचे मळे बसले आणि डोंगरच्या डोंगर चहाखाली आले. तिथल्या एका दुकानातून मी आठवण म्हणून पॅशन फ्रूटच्या स्वादाचा चहा घेतला. २५ पुड्यांचं खोकं, वर तलवार धरलेला सिंह.

घरी आल्यावर तो चहा मी आपल्या पद्धतीने केला. पुड्या फोडून पातेल्यात टाकल्या, आलं किसलं, साखर, दूध, तीन उकळ्या. सासूबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, “यात साबण पडलाय का गं?” मी पिऊन पाहिला. त्यांचं बरोबर होतं. खोकं फडताळात मागे गेलं.

जानेवारीत एकदा घरातलं दूध संपलं, तेव्हा ते परत हाती लागलं. आता कुठे मी मागच्या ओळी वाचल्या. उकळलेलं पाणी पुडीवर ओता, तीन ते पाच मिनिटं ठेवा. दुधाचा उल्लेखच नाही. तसं केलं. कपातून त्या आंबटगोड फळाचा वास आला, तोंडात चहा राहिला. सासूबाईंनी दुसरा कप मागितला.

कारण साधं आहे. हा स्वाद तयार चहावर वरून चढवलेला असतो. वाळलेलं चहाचं पान वास पटकन ओढून घेतं. म्हणून तर आपल्या आया चहाचा डबा हिंगापासून लांब ठेवायच्या. पण हा वास तितकाच उडून जाणारा. खळाखळा उकळलं की फळ वाफेबरोबर निघून जातं आणि कडवटपणा उरतो.

सायन्सच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही जर्नलमध्ये साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं लिहून घ्यायचात. माझं साहित्य बरोबर होतं, निरीक्षणही खरं होतं. कृती चुकली, आणि अनुमान मात्र चहाच्या माथी मारलं.

असंच एक अनुमान मी आठवीत काढलं होतं. त्या जूनमध्ये एक मुलगी कोकणातून आपल्या घाटावरच्या शाळेत आली. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांसाठी फणसपोळी आणली. मी नाक धरून म्हणाले, “हे तर चामडं आहे!” वर्ग हसला. तिने डबा बंद केला. त्यानंतर दहावीपर्यंत तिने घरचं काही कुणाला दिलेलं मला आठवत नाही. मी तर एक तुकडाही चाखला नव्हता. निरीक्षण न करताच अनुमान लिहून मोकळी झाले होते.

ती आज इथे आली आहे. नाव घेत नाही; पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळायला नकोत. माझं चुकलं गं. हे सांगायला तीस वर्षं लागली, तेही चुकलंच.

खोक्यात ११ पुड्या उरल्या आहेत. त्या मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर गरम पाण्याची किटली आहे. पहिला कप तिचा. दूध कुणी घालू नका. आणि तिच्या पिशवीत आज चुकून फणसपोळी असेल, तर पहिला तुकडा मला हवा.

बाई, जर्नल पुन्हा लिहून आणलंय. सही कराल ना?