गाण्यांतलें काय टाकावें?

प्रवासास निघालेला गृहस्थ घरांतलीं सारीं भांडीं बरोबर नेत नाहीं. तांब्या आणि फुलपात्र एवढ्यावर त्याचें भागतें. खिशांत मावणाऱ्या डिजिटल संगीत-यंत्रांत गाणीं भरतांना हाच विवेक करावा लागतो. काय न्यावें, काय टाकावें, आणि टाकलेलें पुन्हां मिळेल कीं नाहीं, हे तीन प्रश्न तेथेंहि उभे राहतात.

सी. डी.वर ध्वनि आंकड्यांच्या रूपानें सांठविलेला असतो. दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनिलहरीचें माप घेतलें जातें. प्रत्येक माप १६ बिटांचें, आणि डावा व उजवा असे प्रवाह दोन. हा गुणाकार केला म्हणजे सेकंदास सुमारें १,४११ किलोबिट होतात, आणि मिनिटभराच्या गाण्यास साडेदहा मेगाबाइट जागा लागते. २००१ सालीं निघालेल्या पहिल्या आयपॉडची सांठवण ५ गिगाबाइटांची होती. त्यांत असें संगीत आठ तासांचेंहि मावलें नसतें. तरी त्यांत हजार गाणीं मावतात अशी जाहिरात झाली, ती संक्षेपाच्या बळावर.

हा संक्षेप कानाच्या एका उणीवेवर आधारलेला आहे. ढोल वाजत असतां शेजारची कुजबुज ऐकूं येत नाहीं. मोठा स्वर आपल्या जवळच्या कंपनसंख्येच्या मंद स्वरास झांकून टाकतो. जें ऐकूंच येणार नाहीं तें सांठवावें कशाला, या विचारांतून एमपी-३ ही पद्धत निघाली. जर्मनींतील एर्लांगेन येथें कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी तिच्यासाठीं झटले. सुझॅन व्हेगा यांचें ‘टॉम्स डायनर’ हें साथीवांचून गायिलेलें गीत त्यांनीं कसोटीस लावलें, तेव्हां आरंभींच्या संक्षेपांत तो आवाज विद्रूप झाला. एकट्या आवाजाजवळ दोष लपावयास आडोसा नसतो. तेंच गीत पुनःपुन्हां ऐकून पद्धत सुधारण्यांत आली.

यंत्राच्या मालकास निवड करावयाची ती बिटांच्या प्रवाहाची. सेकंदास १२८ किलोबिट ठेवले तर मूळ माहितीचा सुमारें अकरावा हिस्सा उरतो. व्याख्यानास तेवढा पुरतो. आगगाडीच्या खडखडाटांत गाण्यासहि चालून जातो. परंतु निवांत खोलींत चांगला हेडफोन लावून ऐकलें, तर तानपुऱ्याचे वरचे सूक्ष्म स्वर विरल्यासारखे वाटूं शकतात, आणि तबल्याच्या थापेआधींच तिची पुसट सावली कानीं पडूं शकते. १९२ च्या पुढें बहुतेकांस भेद ओळखणें कठीण जातें. ३२० ही एमपी-३ ची वरची पायरी. कठीण जागीं अधिक व सोप्या जागीं कमी बिट खर्च करणारा बदलता प्रवाह हा काटकसरीचा मार्ग होय. निर्णय मात्र आंकड्यानें न करितां कानानें करावा. घरांतल्या दुसऱ्या कोणीं, कोणती प्रत कोणती हें न सांगतां, दोन्ही वाजवाव्या. भेद कळला नाहीं तर लहान प्रत खुशाल घ्यावी.

धोका आहे तो निराळ्याच ठिकाणीं. एकदां टाकलेला ध्वनि परत येत नाहीं. १२८ ची प्रत पुन्हां ३२० ची केली तर फाइल फुगते, गाणें सुधारत नाहीं. बाजारांतली सी. डी. कदाचित् पुन्हां विकत मिळेल. आजोबांच्या आवाजाची एकुलती ध्वनिफीत कोठून मिळणार? म्हणून अशा ठेव्याची पहिली प्रत फ्लॅकसारख्या, एकहि बिट न गमावणाऱ्या पद्धतीनें करावी, आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी. तिच्यावरून खिशासाठीं हव्या तितक्या लहान प्रती काढतां येतात.

तांब्या-फुलपात्र घेऊन जरूर निघावें. पण प्रवासांत तेवढ्यावर भागतें म्हणून घरचीं भांडीं कोणी मोडींत काढीत नाहीं.