एक आडनाव, अनेक विद्या
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



जन्मभर खडू आणि फळा ह्यांच्या सहवासात राहिलेल्या, मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास आपण ह्या व्यासपीठावर बोलावलेत, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विद्वत्तेचा अधिकार आमच्यापाशी नाही. विद्वानांची पुस्तके मुलांच्या हाती देण्याचे काम मात्र आम्ही पुष्कळ वर्षे केले. त्या अनुभवाच्या आधारे आज एका आडनावाविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

पुढील वर्षाच्या स्मरणिकेत ‘आपले विद्वान’ असे एक प्रकरण घालावे आणि जोशी आडनावाच्या सर्व थोर व्यक्तींची नावे त्यात द्यावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. आपल्या ज्ञातीत जोशी मंडळींची घरे बरीच असल्यामुळे ही सूचना साहजिक आहे, आणि तिच्यामागील भावना प्रेमाचीच आहे. तथापि निर्णय होण्यापूर्वी त्या एका आडनावाखाली काय काय साठलेले आहे, हे एकदा नीट पाहणे अगत्याचे वाटते.

‘जोशी’ हा शब्द ‘ज्योतिषी’ ह्या शब्दाचे रूपांतर होय. तो मुळात कुळाचा वाचक नसून कामाचा आहे. गावगाड्यातील ग्रामजोशी पंचांग सांगे, मुहूर्त काढी, लग्नघरी घटिकापात्र पाण्यात सोडून घटका मोजी. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. जेथे जेथे हे काम होते तेथे तेथे हे नाव रुजले. म्हणून देशस्थांत जोशी आहेत, कोकणस्थांत आहेत, कऱ्हाड्यांत आहेत. आणि पहाटे कुडबुडे वाजवीत दारोदार भविष्य सांगत हिंडणारे कुडमुडे जोशीही आहेतच. गुजराथेत जोशी आहेत, कुमाऊंच्या डोंगरात आहेत, नेपाळच्या नेवार समाजातही आहेत. ह्या सर्वांचे रक्त एक नाही. त्यांच्या पूर्वजांनी वर आकाशाकडे पाहून खाली हिशेब मांडला, एवढेच त्यांच्यात समान.

आता विद्येकडे वळू. आम्हां शिक्षकांना ज्यांचा विशेष अभिमान वाटावा असे पहिले जोशी म्हणजे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी (1851 ते 1911). हे सरकारी शाळांत हेडमास्तर होते. दिवसा शाळा सांभाळावी आणि उरलेल्या वेळी सरकारी अहवालांतील आकडे तपासावे, असा त्यांचा क्रम. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी हिंदुस्थानच्या अर्थकारणावर लेख लिहिले. 1897 साली गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गेले, तेव्हा आकडेवारीच्या तयारीत त्यांना ह्याच हेडमास्तरांचे साहाय्य झाले. साम्राज्याच्या जमाखर्चाची झडती एका शाळामास्तराने घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यांच्याच काळात डॉक्टर आनंदीबाई जोशी होऊन गेल्या. 1865 साली त्यांचा जन्म झाला, 1886 साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांनी एम.डी. ही पदवी मिळविली आणि 1887 साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. पुढे 1968 साली श्री. ज. जोशी ह्यांनी त्यांच्या जीवनावर ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहिली. वैद्यकातील एका जोशींचे चरित्र साहित्यातील दुसऱ्या जोशींनी अशा रीतीने घरोघर पोचविले.

तिसरे नाव चिंतामण विनायक जोशी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ह्यांच्यामुळे ते प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहेत. परंतु हेच चिं. वि. बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते, आणि ‘सद्धम्मप्पकासिनी’ हा पाली टीकाग्रंथ त्यांनी संपादिला. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने तो तीन खंडांत प्रसिद्ध केला. बौद्ध ग्रंथांचे परदेशातील अभ्यासक त्यांना पंडित म्हणून ओळखतात, आणि त्यांच्या विनोदावर हसलेला मराठी वाचक ते पंडित होते हे बहुधा जाणत नाही. वामन मल्हार जोशी ह्यांचेही तसेच. ‘रागिणी’कार म्हणून ते सर्वांस परिचित, पण मराठीतून नीतिशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यास ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ हा त्यांचा ग्रंथ अद्याप उपयोगी पडेल.

कोशवाङ्मयात तर दोन शास्त्री एकमेकांशेजारी उभे आहेत. खानदेशात पिंपळनेर येथे जन्मलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनी वाईस धर्मकोशाचे आणि पुढे मराठी विश्वकोशाचे संपादन केले. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ ह्या त्यांच्या ग्रंथास 1955 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. दुसरे पंडित महादेवशास्त्री जोशी. हे गोमंतकात जन्मले, आणि भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड त्यांनी सिद्ध केले. आडनाव एक, पदवी एक, आणि कामही कोशाचेच. त्यामुळे एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरी टाकणारी मुले आम्हांस दर वर्षी भेटत.

महाराष्ट्राबाहेर दृष्टी टाकली तर हा परिवार आणखी विस्तारतो. बनारस हिंदु विश्वविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एस. एस. जोशी ह्यांच्या नावाने ‘जोशी परिणाम’ ओळखला जातो. क्लोरीनसारख्या वायूतून विद्युद्विसर्ग चालू असता त्यावर प्रकाश पाडला म्हणजे प्रवाह घटतो, आणि प्रकाश काढून घेताच तो पूर्ववत् होतो, असा तो परिणाम. कुमाऊंचे जगत्पती जोशी ह्यांनी 1967-68 च्या सुमारास कच्छच्या रणात धोलावीरा हे सिंधुसंस्कृतीचे नगर शोधून काढले. 2021 साली त्या स्थळाची गणना जागतिक वारसास्थळांत झाली. आणि 2022 साली, शंभरी ओलांडल्यावर, दिवंगत झालेले सत्यमोहन जोशी ह्यांनी नेपाळच्या नाण्यांचा आणि लोकसंस्कृतीचा अभ्यास केला.

अर्थशास्त्र, वैद्यक, पाली, नीतिशास्त्र, कोशरचना, रसायन, उत्खनन, नाणकशास्त्र. ह्या विद्यांचा परस्परांशी संबंध कोणता, असे विचाराल तर आमचे उत्तर असे की ग्रंथालयाच्या सूचीत ‘ज’ ह्या अक्षराखाली त्यांची गाठ पडते. ही गाठ केवळ वर्णक्रमाची असली तरी निरुपयोगी नव्हे. चिमणराव शोधावयास आलेला मुलगा यादीवरून बोट फिरवीत जातो आणि त्याच्या दृष्टीस पाली ग्रंथाचे नाव पडते. ‘हे कोणते जोशी?’ असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. आमच्या मते ज्ञानाचा आरंभ अशाच प्रश्नाने होतो. आडनाव म्हणजे एका दालनातून दुसऱ्या दालनात नेणारे दार होय. त्या दाराला आपली पाटी लावून आपणच मालक होऊ पाहणे उचित नव्हे.

आता मूळ सूचनेविषयी स्पष्ट बोलतो. ती जशीच्या तशी स्वीकारण्यास आमचा नम्र विरोध आहे, आणि त्यास तीन कारणे आहेत.

पहिले कारण सत्याचे. ज्यांची नावे आम्ही आता घेतली त्यांत निरनिराळ्या ज्ञातींचे, निरनिराळ्या प्रांतांचे लोक आहेत. केवळ आडनाव जुळते म्हणून त्यांना ‘आपले’ म्हणून छापणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील पीक आपल्या खळ्यावर आणून टाकण्यासारखे आहे.

दुसरे कारण लज्जेचे. आनंदीबाई परदेशी निघाल्या तेव्हा समाजातून त्यांना केवढा विरोध झाला! 1883 साली सेरामपूर येथे जाहीर भाषण करून, आपण अमेरिकेस का जात आहोत ह्याचा खुलासा त्यांना करावा लागला. आज शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे ‘जोशी’ हे नाव दिलेले आहे आणि सर्वांसच त्या आपल्या वाटतात. यश मिळाल्यावर नाते सांगणे सोपे असते. आपल्यातील एखादी मुलगी आज दूरदेशी शिकावयास निघाली, तर तिच्या वाटखर्चास मंडळ पुढे होईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाची तयारी असेल तरच आनंदीबाईंचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या वसतिगृहातील सर्वच मुले जोशी नाहीत. ज्याच्या आडनावाचा एकही मोठा पुरुष कोणत्याही ग्रंथात सापडत नाही, असा मुलगाही तेथे अभ्यासास बसलेला आहे. विद्या वंशपरंपरेने येते असे आपण स्मरणिकेत छापले, तर त्याने काय समजावे? आणि जो जोशी आहे त्याने तरी, विद्या आधीच आपल्या रक्तात आहे असे समजून, पुस्तक का उघडावे? त्या हेडमास्तरांना आकडेमोड वतनात मिळालेली नव्हती. अहवालांची पाने त्यांनी स्वतः चाळली म्हणून ती त्यांना साधली.

केवळ विरोध करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून दुसरी योजना सुचवितो. यादी छापण्यास जो खर्च येणार त्यातून वसतिगृहासाठी ह्या सर्व ग्रंथकारांची पुस्तके घ्यावी. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत लेखकाचे पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, जन्ममृत्यूची साले आणि विषय लिहावा, म्हणजे एकाचे श्रेय दुसऱ्यास जाणार नाही. नोंदवहीत लेखकाच्या ज्ञातीचा रकाना ठेवू नये. पुढील वर्षी शिंदे, त्यापुढील वर्षी कुलकर्णी, केतकर, जाधव, अशी एकेका आडनावाची पुस्तके वाढवीत जावी. आणि कोणते आडनाव घ्यावयाचे हे मुलांनीच ठरवावे. ज्याच्या आडनावाचे एकही पुस्तक मिळणार नाही, त्या मुलाच्या नावाने एक कप्पा मोकळा ठेवावा आणि तो त्याने भरावा, असे त्यास प्रेमाने सांगावे.

एवढे आमच्या हयातीत घडलेले पाहावयास मिळाले तर आम्हांस समाधान वाटेल.