बैलाच्या अंगावर किती चढते?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर कामगारसंघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस नाही तर संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज बैलाच्या वजनावर बोलणार आहे. हा विषय मी ऊसतोडीच्या हिशेबातून उचलला. आपल्या साक्री तालुक्यातून टोळ्या ऊसतोडीला जातात, कोणी नुसत्या कोयत्यावर, कोणी गाडी-बैलासह. हंगाम संपला की उचल फिटली की नाही याचा हिशेब होतो. त्यात कोयत्याचा आकडा असतो, गाडीभाड्याचा असतो. बैल मात्र जाताना भरलेला गेला आणि येताना फासळ्या मोजाव्यात असा आला, याला त्या कागदावर रकानाच नाही. मी एका मुकादमाला हे विचारले. तो म्हणाला, "भाऊ, बैल उतरला हे तुम्ही कशावरून म्हणता? वजन केलं होतं का?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी फीत घेऊन फिरतो.

काट्यावाचून वजन काढण्याची रीत जुनी आहे. पुढच्या पायांच्या व वशिंडाच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागे बसण्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि १०,८४० ने भागावे, किलो निघतात. घेर १५० आणि लांबी १२५ असेल तर जनावर सुमारे २५९ किलोंचे. फीत अडीच सेंटिमीटर सैल धरली, तर मात्र आठ-नऊ किलो फुकटचे चढतात. शिवाय हे सूत्र परदेशी, बिनवशिंडाच्या जनावरांवरून आलेले; आपल्या बैलाचे खरे वजन ते चुकवू शकते. पण त्याच बैलाला, त्याच फितीने, त्याच माणसाने महिन्याने पुन्हा मोजले, तर वाढला की उतरला एवढे ते बरेचसे खरे सांगते. आपल्याला तेवढेच हवे आहे.

माप सकाळी, पाणी पाजण्याआधी घ्यावे. कडबा खाणाऱ्या जनावराच्या पोटात चारापाण्याचा भार मोठा असतो. बाजाराच्या दिवशी मीठ चारून पाणी पाजणारे लोक हे शास्त्र न वाचताच जाणतात!

आता चाऱ्याकडे वळू. जर्मनीत मॉकर्न येथे ऑस्कर केल्नर नावाचा शास्त्रज्ञ होता. बंद कोठडीत बैल उभा करायचा, तो काय खातो, काय टाकतो, श्वासावाटे काय सोडतो, सगळे मोजायचे, असे त्याचे काम. त्याचा ग्रंथ १९०५ साली निघाला. निर्वाहापुरते खाऊन झाल्यावर वर एक किलो शुद्ध पिष्ट दिले, तर पोक्त बैलाच्या अंगावर २४८ ग्रॅम चरबी चढते, असे त्याला आढळले. तेवढेच पचनीय द्रव्य भुसकटातून दिले, तर चढते ते फारच कमी. कारण ते चावण्यात आणि पचवण्यातच बरेचसे खर्च होते. मजुराच्या रोजातून गाडीभाडेच जास्त जावे, तसे.

आपल्या गोठ्यातला हिशेब मांडू. दोनशे किलोंचा गोऱ्हा आहे. तो दिवसाला कोरड्या वजनाने पाच किलो खाईल. निव्वळ ज्वारीचा कडबा दिला, तर त्यात पचनीय अन्नघटक सुमारे निम्मे, म्हणजे अडीच किलो. नुसते जगायला त्याला लागतात सुमारे १७०० ग्रॅम. कागदावर ८०० ग्रॅम उरले, म्हणजे वाढ झालीच पाहिजे! पण गोऱ्हा वाढत नाही. का? प्रथिनांचा रकाना पाहा. निर्वाहालाच सुमारे १४० ग्रॅम पचनीय प्रथिने हवीत आणि पाच किलो कडब्यातून मिळतात जेमतेम ५०. उरलेल्या शक्तीचे मांस कशाचे बनवायचे? जोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही ताकदीचा असो, गाडी थांबते.

आता एक किलो कडब्याऐवजी एक किलो सरकीची ढेप घाला. प्रथिने २०० ग्रॅमच्या वर जातात आणि शक्तीही थोडी वाढते. शक्तीचाच हिशेब धरला, तर रोज ४०० ग्रॅम वाढ दिसते. प्रथिनांचा धरला, तर सव्वादोनशेच्या आसपास. दोहोंतला लहान आकडा खरा मानावा. पशुखाद्याच्या पोत्यावरील जाहिरात नेहमी मोठा मानते.

ढेपेला पैसा नसेल, तर १०० किलो कडब्याच्या कुट्टीवर ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, दाबून, झाकून २१ दिवस ठेवावा आणि मग हवेत मोकळा करून चारावा. पोटातले सूक्ष्मजीव त्यातून प्रथिने बनवतात. मात्र युरिया तसाच चारला किंवा त्याचे पाणी जनावराने प्याले, तर ते मरते. लहान वासरांनाही हा चारा देऊ नये.

आणखी एक फसगत सांगतो. उन्हाळ्यात उपाशी राहिलेले जनावर आषाढ-श्रावणात हिरव्या गवतावर झपाट्याने भरते. ती मागची तूट भरून निघत असते. त्याच महिन्यात कोणी नवे औषध सुरू केले, तर सारे श्रेय बाटलीला!

कोणी विचारील, महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, मग वजनाचे काय करायचे? मांसाचा प्रश्नच नाही. बैल दिवसभर जे ओढतो, ते साधारण त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतक्या जोराने. तीनशे किलोंचा बैल तीस किलोंनी उतरला, की त्याची ओढही दहाव्या हिश्शाने गेली. अशा बैलाला दिवसभराच्या जड कामाला सुमारे चार किलो पचनीय अन्नघटक आणि ४०० ग्रॅमच्या वर पचनीय प्रथिने लागतात. तळावर त्याच्यापुढे पडतात उसाचे वाढे. पोट भरते, प्रथिनांची तूट राहते.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा पाया ठरवताना डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीवरून प्रौढ माणसामागे २७०० कॅलरी धरल्या, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरले. त्या आकड्यांवर आम्ही कितीतरी वेळा भांडलो. गाडीवानाच्या दरात बैलाची ढेप कोणी धरली नाही. आम्ही संघटनावाल्यांनीही मागितली नाही, हे मी कबूल करतो. आता आमच्या मागणीपत्रात प्रत्येक बैलामागे रोज दोन किलो ढेप घातली आहे. आणि टोळी निघण्याच्या आदल्या सकाळी प्रत्येक बैलाचा घेर आणि लांबी वहीत लिहून खाली मुकादमाची सही घ्यायची, असे ठरवले आहे. ज्यांचे बैल या दसऱ्यानंतर जाणार असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. फीत मी बरोबर आणली आहे.