छातीतील छुपी जखम



मी डॉक्टर नव्हे, कामगारांत वावरणारा माणूस आहे. पण वणी-मुकुटबन रस्त्यावर कोळशाचे व सिमेंटचे ट्रक धावतात, म्हणून ही माहिती प्रत्येकाला हवी.

धडकेत शरीर एकाएकी थांबते आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला हिसका बसून ती चिरते. पुरती फुटली तर माणूस जागीच जातो. बाहेरचा पापुद्रा तगला तर तो बोलतो, कधी चालतोही. खरा धोका इथेच आहे. ‘काही झाले नाही’ म्हणून त्याला घरी नेऊ नका. 108 ला कळवा आणि छातीवर मार बसल्याचे आवर्जून सांगा.

इस्पितळात आधी इतरत्र वाहणारे रक्त थांबवितात व सीटी स्कॅन काढतात. मग शिरेतून एस्मोलॉलसारखे औषध देऊन नाडी 100 च्या खाली आणि वरचा रक्तदाब 120 च्या आत ठेवू पाहतात. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे त्या चिरेवर पडणारा घण. तो हलका करायचा. मेंदूला इजा असल्यास मात्र दाब फार उतरवीत नाहीत. एवढ्या अवधीत मांडीतील धमनीवाटे आधाराची नळी बसविण्याची तयारी होते.

जखमीला पोचविणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली तशी दुरुस्ती झाली आहे. तेव्हा भीती सोडा आणि हात द्या.