हाडकीच्या कागदातला खापरपणजा

वाडेवाल्यांकडं वंशावळी असतात. आपल्याकडं काय होतं? हाडकी-हाडोळा. महारवतनाची जमीन. तिच्याच कागदांत मला माझा खापरपणजा सापडला.

आमचं गाव जळगावकडचं. पण 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा, कचेरी धुळ्याला. म्हणून मी धुळ्यालाही खेटे घातले. तुम्ही आधी तलाठ्याकडं गाव नमुना 3 मागा, दुमाला जमिनींची वही. मग जुने फेरफार. वतनदार मेला की वारसाची नोंद व्हायची. उलटं वाचत गेलात की बाप, आजा, पणजा. 'वल्द' दिसलं की समजा, पुढं बापाचं नाव आहे. त्याहून जुनं मोडीत. मोडी शिका, नाहीतर शिकलेल्याला हाताशी धरा.

पण नाव सापडलं म्हणून नाचू नका. सरकारला आपला वंश नको होता. मेल्यावर राबायला पुढचा कोण, एवढंच हवं होतं. 1874 च्या वतन कायद्यानं ही वेठ पक्की केली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात दुरुस्तीचं बिल आणलं, ते मागं घ्यावं लागलं. वतन गेलं 1958 च्या कायद्यानं. जमीन नावावर राखायला सरकारात रक्कम भरायची होती. आज्याकडं ती नव्हती. तुकडा गेला.

आणि बाया? आमच्या कागदात एकही नाही. खापरपणजीचं नाव मला आजीमायनं सांगितलं, भाकरी थापता थापता. माझ्या वहीत मी ते त्याच्या नावाच्या आधी लिहिलंय.