एक गाव, आठ नावे
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोरील भाषणाचा सारांश)



तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ श्वेत विनायकाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तिरुवलंचुळी हे गाव आहे. रोमन लिपीत मात्र त्याचे नाव एकसारखे लिहिले जात नाही. आरंभीच्या ‘टी’नंतर कोणी ‘एच’ घालतो, कोणी गाळतो. ‘चु’साठी कोणी ‘सीएच’, कोणी ‘जे’ वापरतो. ‘ळी’साठी कोणी ‘झेडएच’, कोणी ‘एल’ योजतो. या तीन भेदांतूनच आठ रूपे संभवतात. संगणक ती आठ गावे समजतो आणि लाभार्थ्यांची बेरीज विखुरते.

यावर ‘आर’ या सांख्यिकी संगणकभाषेतील आकृतिबंध-जुळणी हा उपाय आहे. ‘एच’पुढे प्रश्नचिन्ह दिले की ते अक्षर ऐच्छिक ठरते, कंसात उभ्या रेघेने विभागलेल्या पर्यायांपैकी कोणताही एक ग्राह्य होतो. अशा एकाच आकृतिबंधात आठही रूपे सामावतात आणि ‘जीसब’ ही आज्ञा त्यांच्या जागी एक प्रमाण नाव ठेवते.

मात्र आकृतिबंध फार सैल ठेवल्यास त्याच जिल्ह्यातील तिरुवैयारूही त्यात ओढले जाईल व एका गावाचा वाटा दुसऱ्याच्या नावे नोंदला जाईल. म्हणून मूळ नोंदी जपाव्यात, जुळलेली नावे स्वतः तपासावीत आणि जनगणनेतील ग्राम-संकेतांकाशी पडताळावीत. नियोजनाची आकडेवारी विश्वसनीय ठरते, ती या पडताळणीमुळेच.