आवरण यंत्राला, तसे मनालाही
(कारखान्यांतील पर्यवेक्षकांपुढे नाशिक येथे केलेले भाषण)



यंत्राचे फिरते चाक उघडे असेल, तर कामगाराला 'जपून काम कर' एवढे सांगून आपण थांबत नाही. प्रथम चाकाला आवरण बसवितो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने हे बंधन घातले होते. बोट तुटण्याची वाट पाहावयाची नाही, हे त्यामागील तत्त्व. मनाला होणाऱ्या इजेलाही हाच न्याय लावावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना ताणाच्या जागा नव्याने दाखविण्याची गरज नाही. वरचेवर बदलणारी पाळी, ऐन वेळी आलेले जादा काम, कंत्राट पुढे चालेल की नाही ही धास्ती आणि चारचौघांत झालेला पाणउतारा. कामगार 'मनाने कमकुवत' आहे असे म्हटले, की ही सारी कारणे जागच्या जागी राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे नैराश्य व चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. तिने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत कामाची मांडणी सुधारणे आणि पर्यवेक्षकांना प्रशिक्षण देणे यांचा समावेश आहे.

यातील पुष्कळसे विशेष खर्चावाचून साधते. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा ठेवावा. उलट क्रमापेक्षा तो शरीराला अधिक सोसतो. पाळीपत्रक पुरेसे आधी लावावे. चूक एकांतात दाखवावी. वारंवार गैरहजेरी, चिडचिड, वाढते व्यसन किंवा नेहमीच्या कामात चुका दिसू लागल्या, तर नोटीस काढण्यापूर्वी आस्थेने विचारपूस करावी. कोणी उपचार घेत असल्यास त्याची वाच्यता होऊ देऊ नये. अन्यथा दुसरा कोणी तोंड उघडणार नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने अशा उपचारांचा हक्क मान्य केला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या विनामूल्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो सूचनाफलकावर अवश्य लावा. मात्र तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. त्याच फलकावरील पाळीपत्रक आपल्या सहीने निघते, आणि ते सुसह्य करणे आपल्याच हाती आहे.